बाळाच्या कमरेवरचा निळा डाग आणि त्याला चिकटलेलं नाव

ज्यांना कानात इअरफोन घालण्यापेक्षा लोकलमध्ये उभं राहून वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. मूळ बोललेलंच आहे, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे तान्ह्या बाळाची कातडी. घाबरू नका, चॅनल बदललेलं नाही. आपण इतिहासच बोलणार आहोत.

घरात बाळ आलं की पहिल्या पंधरा दिवसांत फॅमिली ग्रुपवर काय काय फोटो येतात ते आठवा. नाकावर पांढरे बारीक दाणे. टाळूवर पिवळट खपल्या. मानेच्या घडीत घामोळं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगभर उठलेले लाल चट्टे, मधोमध बारीक फोड. मग एक काकू म्हणते गरमी झाली, दुसरी म्हणते आईनं काहीतरी खाल्लं. बालरोगतज्ज्ञ म्हणतात काही करू नका, जाईल. आणि बहुतेक वेळा खरंच जातं. त्या लाल चट्ट्यांचंच बघा. पूर्ण दिवसांच्या साधारण निम्म्या बाळांना ते येतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. पण त्यांचं वैद्यकीय नाव आहे 'एरिथेमा टॉक्सिकम निओनेटोरम', म्हणजे नवजात बाळाची विषारी लाली! व्हिएन्नाच्या कार्ल लाइनर नावाच्या डॉक्टरनं १९१२ मध्ये हे नाव रूढ केलं. कुठल्यातरी विषारी द्रव्याचा संशय होता. तसलं विष काही सापडलं नाही, नाव मात्र अजून तेच आहे. डिस्चार्ज कार्डावर ते वाचून एखाद्या बापाला घाम फुटत असेल, पण त्यापलीकडे त्या नावानं कुणाचं फार वाकडं झालेलं नाही.

दुसऱ्या एका नावाबद्दल तसं म्हणता येत नाही, आणि आजचा भाग त्याच्याबद्दल आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या अंगावर तो डाग होता. तुम्हाला आठवत नाही, कारण तुम्ही तेव्हा लंगोटात होता. कमरेच्या खाली, ढुंगणावर, कधी पाठीवर किंवा खांद्यावर, निळसर-करडा, पाटीच्या रंगाचा चट्टा. कडा अस्पष्ट, जणू शाई सांडून कुणी ओल्या फडक्यानं पुसली. दुखत नाही, खाजत नाही. भारतात झालेल्या बहुतेक पाहण्यांत निम्म्याहून जास्त नवजात बाळांत तो सापडतो. शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचा फिका होऊन जातो. आमच्याकडे म्हातारी माणसं त्याला 'लासं' म्हणून मोकळी होतात. डॉक्टर मात्र कार्डावर लिहितात 'मंगोलियन स्पॉट'.

आता मला सांगा, सांगली-साताऱ्याच्या बाळाच्या कमरेवर मंगोलिया कुठून आला?

तर त्यासाठी जपानला जावं लागतं. १८७६ साली. जपान तेव्हा भराभर आधुनिक होत होता आणि त्यासाठी सरकारनं पगार देऊन परदेशी तज्ज्ञ आणले होते. इंजिनिअर, वकील, लष्करी अधिकारी, डॉक्टर. त्यात एर्विन बेल्ट्स नावाचा विशीतला जर्मन डॉक्टर होता. दोन वर्षांसाठी म्हणून आला असेल-नसेल, पण राहिला जवळजवळ तीन दशकं. तोक्योत वैद्यक शिकवलं, राजघराण्याचा डॉक्टर झाला, हाना नावाच्या जपानी बाईशी संसार केला. कुसात्सूच्या गरम पाण्याच्या झऱ्यांचं औषधी महत्त्व त्यानं जगाला सांगितलं, आणि ते गाव अजून त्याची आठवण ठेवून आहे. तोक्यो विद्यापीठाच्या आवारात त्याचा पुतळा आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची गोष्ट ऐकून तो खलनायक वाटेल. तो तसा नव्हता. जपानवर त्याचं प्रेम होतं आणि रोग्यांसाठी त्यानं खूप काम केलं.

पण तो त्याच्या काळाचाही होता. त्या काळात युरोपातल्या अभ्यासकांना माणसं मोजायचं वेड होतं. डोकं मोज, नाक मोज, केसाचा आडवा छेद बघ. बेल्ट्सनं जपानी लोकांच्या शरीररचनेवर मोठा अभ्यास लिहिला, आणि १८८५ च्या भागात त्यानं या निळ्या डागाचं वर्णन केलं. त्याच्या पाहण्यात तो जपानी बाळांत होता, युरोपीय बाळांत नव्हता. निष्कर्ष काय? ही मंगोल वंशाची खूण. पुढच्या लेखनात त्यानं यावर आणखी जोर दिला.

यातला 'मंगोल' हा मंगोलिया देशातला माणूस नाही, हे लक्षात घ्या. जर्मनीत ग्योटिंगेनला योहान ब्लूमेनबाख नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १७९५ मध्ये कवट्यांचा संग्रह समोर ठेवून माणसांचे पाच प्रकार सांगितले : कॉकेशियन, मंगोलियन, इथिओपियन, अमेरिकन आणि मलय. जॉर्जियातल्या एका बाईची कवटी त्यांना सगळ्यात देखणी वाटली, म्हणून गोऱ्या लोकांना कॉकेशस पर्वताचं नाव. अमेरिकेतल्या फॉर्मवर 'कॉकेशियन' हा शब्द येतो ना, तो तिथून आलाय. गंमत म्हणजे ब्लूमेनबाख स्वतः सांगत होते की सगळी माणसं एकाच जातीची आहेत आणि या प्रकारांमध्ये पक्की रेघ मारता येत नाही. लोकांनी पाच डबे उचलले आणि ही सूचना तिथेच ठेवली.

म्हणजे बेल्ट्सच्या हातात डबा आधीपासून होता. त्यात टाकायला त्याला फक्त एक डाग मिळाला.

आणि डागही काही त्यानं पहिल्यांदा पाहिला नव्हता. हान्स एगेडे सोब्ये नावाचा डॅनिश मिशनरी १७७० ते १७७८ ग्रीनलंडमध्ये होता. त्याच्या डायरीतली निवड १८१६ मध्ये छापली गेली, त्यात तिथल्या बाळांच्या कमरेवरच्या निळ्या डागाचा उल्लेख आहे. आणि अर्थातच या दोघांच्या आधी जगातल्या कोट्यवधी आयांनी तो रोज आंघोळ घालताना पाहिला होता. कोरियात सांगतात की बाळ जन्माला घालणारी देवी-आजी साम्शिन, बाळ बाहेर यायला आळस करतं तेव्हा त्याच्या ढुंगणावर चापट मारते, त्याचा हा वळ. आपली सटवाई बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, तिकडची आजी दुसऱ्या टोकाला सही करते असं समजा. जपानीत तर अनुभव नसलेल्या पोराला म्हणतात, याचं ढुंगण अजून निळं आहे. आपण म्हणतो ना, ओठावरचं दूध वाळलं नाही अजून, तसंच. ब्राझीलमध्ये या डागाला 'जेनिपापो' म्हणतात, ज्या फळाच्या रसानं तिथले मूळ रहिवासी अंग काळंनिळं रंगवतात त्याच्यावरून. पण तिथे हा शब्द गोड राहिला नाही. एखाद्या गोऱ्या म्हणवणाऱ्या घरात बाळाच्या कमरेवर जेनिपापो दिसला की 'यांच्या रक्तात भेसळ आहे' अशी कुजबूज व्हायची.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग. बेल्ट्सचा दावा फार टिकला नाही, आणि तो पडायला शंभर वर्षंही लागली नाहीत. जेमतेम वीस लागली.

बुनतारो अदाची नावाचे जपानी शरीररचनातज्ज्ञ श्ट्रासबुर्गला काम करत होते, तेव्हा ते शहर जर्मनीत होतं. त्यांनी माणसांच्या आणि माकडांच्या कातडीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९०३ मध्ये छापलं की कातडीच्या खोल थरातल्या ज्या रंगपेशींमुळे हा डाग दिसतो, त्या युरोपीय माणसांतही सापडतात. म्हणजे युरोपीय बाळात डाग 'नाही' असं नसून बहुतेक वेळा डोळ्यांना दिसण्याइतका रंग तिथे नाही. मला हे दृश्य भारी वाटतं. जर्मन माणूस तोक्योत बसून जपान्यांना मंगोल ठरवतो, आणि जपानी माणूस जर्मनीत बसून दाखवतो की बाबा, तुमच्या खालीही तेच आहे.

त्याच वर्षी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक स्टार यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मेक्सिकोतल्या माया बाळांमध्ये हा डाग असल्याचं लिहिलं. यावर वंशवाल्यांकडे उत्तर होतं : मायांचे पूर्वज आशियातूनच आले ना, मग बसतंय की! पण १९०७ मध्ये जोसेफ ब्रेनेमान या शिकागोच्या बालरोगतज्ज्ञानं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बाळांवर लेख लिहिला आणि ते उत्तरही संपलं. कारण त्या बाळांतही हा डाग सर्रास होता. आज आपल्याला माहीत आहे की आफ्रिकी वंशाच्या आणि पूर्व आशियाई बाळांत तो दहापैकी आठ-नऊ जणांना असतो, गोऱ्या बाळांत दहात एकापेक्षाही कमी, आणि आपण मधे कुठेतरी. कॉकेशियन डब्यातून काढून मंगोलियन डब्यात टाकण्यासारखं यात काहीच नाही. कातडी जितकी सावळी तितका डाग दिसण्याची शक्यता साधारणपणे जास्त, एवढंच.

ब्रेनेमानच्या लेखाच्या शीर्षकातच 'मंगोलियन' या शब्दाला 'तथाकथित' जोडलेलं आहे. १९०७ साली! आणि आपण २१व्या शतकात कार्डावर तो शब्द 'तथाकथित'शिवाय लिहितोय.

(इथे माझ्या धंद्यातला एक किस्सा. आमच्या कोडमध्ये 'टेम्प' नावाचं एक टेबल आहे. तात्पुरतं म्हणून कुणीतरी बनवलं आणि सोडून गेला. आता दहा वर्षं कंपनीचा निम्मा हिशेब त्यातून फिरतो आणि नाव बदलायला कुणी हात लावत नाही, कारण कुठे काय तुटेल सांगता येत नाही.)

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? हर्बर्ट रिझली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. हे नाकाची रुंदी आणि लांबी मोजून भारतीयांचे वंश पाडत होते. त्यांच्या वर्गीकरणात बंगाली 'मंगोलो-द्रविडियन' आणि आपण मराठी लोक 'सिथो-द्रविडियन', म्हणजे शक अधिक द्रविड. ब्राह्मण असो की कुणबी, सगळे त्याच डब्यात. नाकाच्या मापावरून शेकडो पिढ्यांचा प्रवास सांगायचा हा आत्मविश्वास बघून मला हसू येतं, पण त्या अहवालांमधले शब्द पुढे किती जणांनी किती गंभीरपणे वापरले ते आठवलं की हसू थांबतं.

बरं, मग डाग निळा का? रंगद्रव्य तर तेच, मेलॅनिन. तिळात असतं, केसात असतं, तिथे काळं-तपकिरी दिसतं. उत्तर तुमच्या आजीच्या हातावर आहे. तिचं गोंदण बघा. काळ्या रंगानंच गोंदलेलं असतं, पण दिसतं हिरवट-निळं. कारण रंग कातडीच्या खोल थरात बसलेला असतो. वरच्या थरांतून जाताना निळा प्रकाश जास्त विखुरला जाऊन आपल्या डोळ्यांकडे परततो, तांबडा खोल जाऊन शोषला जातो. या डागाचंही तसंच. गर्भ काही आठवड्यांचा असताना रंगपेशी पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून कातडीच्या वरच्या थराकडे चालायला लागतात. काही पेशी वाटेतच, खोल थरात थांबतात. त्यांचा हा निळेपणा. पुढे त्यातल्या बहुतेक नाहीशा होतात.

म्हणून एक कळकळीची विनंती. मालिश करायला येणाऱ्या बाईंनी कितीही खात्री दिली तरी डाळीचं पीठ, हळद, साय, कशानंही हा डाग घासून काढायला जाऊ नका. रंग जिथे आहे तिथे तुमचं पीठ पोचत नाही. घासलं जातं ते बाळाचं वरचं नाजूक कातडं. आणि डाग खूप मोठे, अंगभर असतील, वाढत असतील किंवा बाळाच्या वाढीबद्दल दुसरी काही शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण चयापचयाच्या काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांत असे पसरलेले डाग दिसतात. एरवी काही करायचं नसतं.

'मंगोल' या शब्दाचा आणखी एक वारसा होता, आणि तो जास्त क्रूर होता. लंडनजवळच्या एका संस्थेत काम करणारे जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ मध्ये मतिमंद मुलांचं 'वांशिक' वर्गीकरण केलं आणि एका गटाच्या चेहऱ्यावरून त्यांना मंगोल म्हटलं. त्यातून 'मंगोलिझम' आणि 'मंगोल मूल' हे शब्द शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिले. १९५९ मध्ये जेरोम लेजून आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कारण एक जास्तीचं गुणसूत्र आहे. १९६१ मध्ये १९ तज्ज्ञांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून तो शब्द सोडायची मागणी केली, सही करणाऱ्यांत डाउन यांचा नातूही होता. मग १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनं तो सोडला. आज आपण 'डाउन सिंड्रोम' म्हणतो. पण डागाचं नाव त्या झाडूतून निसटलं. लहानसा, निरुपद्रवी डाग. कोण कशाला पत्र लिहिणार?

निरुपद्रवी तो बाळाला आहे. आईबापांना नेहमीच नाही.

माझ्या टीममधला एक मित्र अमेरिकेत बदली होऊन गेला. मुलगी आठ महिन्यांची असताना पाळणाघरात ठेवायला लागले. दुसऱ्या आठवड्यात तिथल्या बाईंनी डायपर बदलताना कमरेवर आणि खांद्यावर निळे चट्टे पाहिले आणि संध्याकाळी याला बाजूला घेऊन विचारलं, हे कसं झालं? आवाज अगदी शांत, हातात वही. तिथे बहुतेक राज्यांत मुलाला मारहाण होत असल्याचा संशय आला तर पाळणाघरातल्या माणसांनी कळवणं कायद्यानं बंधनकारक असतं, त्यामुळे त्या बाईंचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हा माणूस मला फोनवर सांगत होता की त्या दोन मिनिटांत त्याला इंग्रजी सुचेना. जन्मापासून आहे हे सिद्ध कसं करायचं? भारतातल्या हॉस्पिटलच्या फाइलीत डागाबद्दल एक ओळ नव्हती. शेवटी त्याच्या सासूबाईंनी काढलेला, बाळ पाच दिवसांचं असतानाचा आंघोळीचा फोटो कामी आला, आणि तिथल्या डॉक्टरचं पत्र. प्रकरण तिथेच मिटलं. बायको मात्र पुढे कितीतरी महिने दर रविवारी तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवायची.

अशी प्रकरणं वैद्यकीय साहित्यातही नोंदलेली आहेत, आणि त्यात स्थलांतरित कुटुंबं, सावळी कुटुंबं जास्त सापडतात हे ओघानंच आलं. फरक ओळखणं खरं तर कठीण नाही. मुका मार दुखतो, आणि त्याचा रंग काही दिवसांत लाल-जांभळ्यावरून हिरवट, पिवळा होत जातो. हा डाग महिनोन् महिने तसाच राहतो. पण ओळखायचं शिकवणार कोण? वैद्यकाच्या पुस्तकांतले बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे. लंडनमधल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात मलोन मुकवेंडे या विद्यार्थ्याला हेच खटकलं आणि २०२० मध्ये त्यानं आपल्या दोन शिक्षकांबरोबर काळ्या आणि सावळ्या कातडीवर आजार कसे दिसतात याची 'माइंड द गॅप' नावाची पुस्तिका काढली. विद्यार्थी असताना! मी त्या वयात लॅब जर्नल कॉपी करत होतो.

नाव बदलायला आता कुठे सुरुवात झाली आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या माहितीत याला सरळ 'निळे-करडे डाग' म्हटलंय, आणि ते बाळाच्या वैद्यकीय नोंदीत लिहून ठेवावेत असंही सांगितलंय. शास्त्रीय नाव 'कंजेनिटल डर्मल मेलॅनोसायटोसिस', म्हणजे जन्मतः कातडीच्या आतल्या थरात असलेल्या रंगपेशी. जिभेला जड आहे, पण खोटं काही सांगत नाही. मला विचाराल तर निळा डाग हेच ठीक आहे.

आणि खुद्द मंगोलियात? तिथे अनेकांना या नावाचं वाईट वाटत नाही, उलट ते स्वतःला अभिमानानं 'निळ्या डागाची माणसं' म्हणवतात. डाग म्हणजे आपल्या माणसाची ओळख. त्यांच्यासाठी ते त्यांचं आहे, ग्योटिंगेनच्या कवट्यांशी त्याचा संबंध नाही. त्यांना कोणी ते नाव सोडा म्हणणार नाही. प्रश्न आपल्या कार्डाचा आहे.

तेव्हा घरात बाळ येणार असेल, आणि विशेषतः पुढे बाहेरदेशी जायचं असेल, तर डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना सांगा : डाग कुठे आहे, केवढा आहे, ते कार्डावर लिहा. एक ओळ पुरते. एखादा फोटो तारखेसकट ठेवा. ज्यांची बहीण, मित्र, वहिनी तिकडे आहेत त्यांना हा भाग पाठवा, रात्री पाठवलात तर त्यांच्या सकाळी पोचेल. पुढच्या भागात गोंदणाबद्दल बोलू. आजीच्या हातावरचं विचारून ठेवा, कुणी गोंदलं, कुठल्या जत्रेत, किती वर्षांची होती. आणि मला व्हॉइस नोट पाठवा.